लिनक्सच्या पोटातली आवराआवर: काम फसलं तर घेतलेलं परत कोण करतं?

फेब्रुवारी २०२४ पासून सायबर सुरक्षेच्या बातम्यांमध्ये एक आकडा डोळ्यांत भरू लागला. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलच्या, म्हणजे तिच्या गाभ्याच्या, नावावर जमा होणाऱ्या त्रुटी वर्षाला काही शेकड्यांवरून एकदम हजारांवर गेल्या. अँड्रॉइड फोन, बँकांचे सर्व्हर, घराघरांतले वायफाय राउटर, पुण्याच्या आयसरमधला 'परम ब्रह्म' महासंगणक, या सगळ्यांच्या पोटात हाच कर्नल आहे. त्यामुळे 'लिनक्स अचानक इतका पोकळ कसा झाला?' असा प्रश्न पडणं साहजिक आहे.

तो पोकळ झालेला नाही. झालं इतकंच, की त्या महिन्यात कर्नलच्या चमूने त्रुटींना क्रमांक देण्याचं काम स्वतःकडे घेतलं. हे क्रमांक म्हणजे सीव्हीई, जगभरातल्या सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षा-त्रुटींची सामाईक नोंदवही. कर्नलमधली जवळपास कुठलीही चूक कुणीतरी, कधीतरी, हल्ल्यासाठी वापरू शकतो, अशी या चमूची भूमिका आहे. म्हणून ते क्रमांक देताना हात आखडता घेत नाहीत. पूर्वी ज्या दुरुस्त्या गाजावाजा न होता होऊन जायच्या, त्यांचीही आता नोंद होते.

पण या नोंदी सलग वाचायला घेतल्या की एक वेगळीच गोष्ट जाणवते. काम फसल्यावर मेमरी सोडायची राहिली. काम फसल्यावर लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, उघडायचं राहिलं. एकच वस्तू दोनदा परत केली गेली. यंत्र, कंपनी, लिहिणारा माणूस, सगळं वेगळं. चूक मात्र त्याच घरातली. प्रोग्रामर याला 'एरर पाथ'मधली चूक म्हणतात. एरर पाथ म्हणजे काम अर्ध्यावर फसल्यावर प्रोग्राम ज्या रस्त्याने मागे फिरतो तो रस्ता. या लेखात त्याला माघारीची वाट म्हणू. या वाटेवर इतके अपघात का होतात, आणि गेली काही वर्षं कर्नलमध्ये तिची डागडुजी कशी चालली आहे, ते समजून घेऊ.

कर्नलला चूक का परवडत नाही

संगणकात प्रोसेसरचा वेळ, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांची वाटणी करणारा प्रोग्राम म्हणजे कर्नल. तुमच्या फोनवरचं एखादं ॲप बंद पडलं, तर त्याने घेतलेली मेमरी आणि उघडलेल्या फायली कर्नल परत घेतो. ॲप लिहिणाऱ्याने कितीही हलगर्जीपणा केला असला, तरी फोन चालू राहतो.

कर्नलच्या मागे मात्र कुणी नाही. त्याने घेतलेली मेमरी तोच सोडायला विसरला, तर यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत ती अडकून राहते. नको तिथे हात घातला, तर अख्खं यंत्र कोसळतं. १९ जुलै २०२४ ला हे जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरचा एक भाग विंडोजच्या कर्नलमध्ये चालत होता. त्याला २० मूल्यं पुरवली गेली होती आणि तो २१ वं वाचायला गेला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर थांबले आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. हीच चूक साध्या ॲपमध्ये असती, तर ते एक ॲप बंद पडलं असतं आणि आपण ते पुन्हा उघडलं असतं.

लिनक्स कर्नल आज सुमारे ४ कोटी ओळींचा आहे. त्यातला बहुतेक भाग सी भाषेत आहे. सी वेगवान आहे, यंत्राच्या अगदी जवळची आहे. पण वापरलेली वस्तू आपणहून परत करण्याची सोय तिच्यात नाही. जे घ्याल ते तुम्हीच आठवणीने परत करायचं.

पाच पायऱ्या चढायच्या, चौथीवर पाय घसरला

नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर सुरू होताना काय घडतं ते जवळून पाहू. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या उपकरणाशी बोलणारा कर्नलचा भाग. तो आधी स्वतःच्या नोंदींसाठी मेमरी मागतो. मग कार्डाचे रजिस्टर, म्हणजे कार्डातल्या माहिती ठेवण्याच्या छोट्या जागा, मेमरीच्या पत्त्यांवर दिसतील असा नकाशा करतो. मग इंटरप्ट घेतो, म्हणजे 'काही आलं की मला हाक मार' अशी व्यवस्था लावतो. मग येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीसाठी बफर, म्हणजे तात्पुरत्या साठवणीची जागा, घेतो. शेवटी 'मी तयार आहे' अशी कर्नलच्या नेटवर्क विभागाकडे नोंदणी करतो.

आता समजा चौथ्या पायरीवर बफरसाठी मेमरीच मिळाली नाही. कर्नलमध्ये अपयश ऋण आकड्याने कळवतात. मेमरी संपली असेल तर −१२. पण नुसता −१२ कळवून निघून जाता येत नाही. इंटरप्ट सोडायला हवा, नकाशा पुसायला हवा, पहिली मेमरी सोडायला हवी, आणि तेही उलट्या क्रमाने. मेमरी आधी सोडली आणि इंटरप्ट तसाच राहिला, तर पुढच्याच क्षणी कार्ड हाक मारेल आणि ड्रायव्हर सोडून दिलेल्या मेमरीत लिहायला जाईल. ती मेमरी तोवर दुसऱ्याच कुणाला दिलेली असेल.

लग्नाची तयारी डोळ्यांसमोर आणा. कार्यालयाची किल्ली घेतली, मांडववाल्याला विसार दिला, भांडी भाड्याने आणली, आचारी ठरवला. लग्न पार पडलं तर ज्याचं त्याला परत जातं, कारण ती घडी शेकडो लग्नांत बसलेली असते. लग्न ऐनवेळी मोडलं, तर मात्र प्रत्येकजण वेगळ्याच विवंचनेत असतो. किल्ली कुणाच्या तरी खिशात राहते आणि दुसऱ्या दिवशीचं वऱ्हाड कार्यालयाच्या दाराशी ताटकळतं. कर्नलमध्ये नेमकं हेच होतं.

सी भाषेत ही उलटी आवराआवर करण्याची कर्नलमधली रूढ पद्धत म्हणजे 'गो-टू', थेट ठरलेल्या ओळीवर उडी. मराठीत उतरवली तर ती अशी दिसेल:

मेमरी घ्या, न मिळाल्यास इथूनच परत जा
नकाशा करा; न जमल्यास 'मेमरी सोडा' वर जा
इंटरप्ट घ्या, न मिळाल्यास 'नकाशा पुसा' वर जा
बफर घ्या, न मिळाल्यास 'इंटरप्ट सोडा' वर जा
नोंदणी करा; न झाल्यास 'बफर सोडा' वर जा
सगळं जमलं, शून्य सांगून परत जा
बफर सोडा
इंटरप्ट सोडा
नकाशा पुसा
मेमरी सोडा
अपयशाचा आकडा सांगून परत जा

गो-टू वापरू नये, असं कॉलेजात शिकवतात. १९६८ साली संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी त्याच्याविरुद्ध लिहिलेलं पत्र प्रसिद्धच आहे. तरी कर्नलची लेखनपद्धती आवराआवरीसाठी तो वापरा असं सांगते, आणि ते योग्यच होतं असं मला वाटतं. जिने उतरत यावं तशी वरची यादी खालच्या चार ओळींत उतरते, वाचायला सरळ आहे आणि एकच काम चार ठिकाणी लिहावं लागत नाही.

अडचण नंतर येते. दोन वर्षांनी दुसराच कुणी नकाशा आणि इंटरप्ट यांच्यामध्ये एक नवी पायरी घालतो. घेण्याची ओळ वर, परत करण्याची ओळ पडदाभर खाली. मधल्या सगळ्या उड्या पुन्हा तपासायला हव्यात. एक उडी जुन्याच जागी जात राहिली, तर नवी वस्तू कायमची अडकते. कधी घाईत सरळ 'परत जा' लिहिलं जातं आणि आवराआवर पूर्ण वगळली जाते.

सर्वांत कपटी चूक वेगळीच आहे. आवराआवर नीट होते, पण अपयशाचा आकडा भरायचा राहतो आणि फंक्शन, म्हणजे ठरलेलं काम करणारा कोडचा तुकडा, शून्य सांगून परत येतं. शून्य म्हणजे यश. त्या फंक्शनला बोलावणारा कोड निर्धास्त पुढे जातो आणि नसलेल्या वस्तूवर हात टाकतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला जो धक्का बसला तो याच जातकुळीचा होता. ती कर्नलमधली चूक नव्हती, सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडमधली होती. उडीची एकच ओळ चुकून दोनदा पडली. दुसरी कुठल्याही अटीविना चालली. सही तपासण्याचा टप्पाच वगळला गेला आणि उत्तर आलं, 'सगळं ठीक'.

या वाटेने कुणी जातच नाही

ड्रायव्हर सुरू होण्याची सरळ वाट रोज कोट्यवधी यंत्रांवर चालते. तिथे चूक असेल तर पहिल्याच दिवशी कळते. माघारीची वाट मात्र वर्षानुवर्षं ओस असते.

किती ओस, ते २०१४ च्या अखेरीस कर्नल विकसकांमध्ये झालेल्या एका चर्चेतून पुढे आलं. कर्नलमध्ये आठ पानांपर्यंतची, म्हणजे साधारण ३२ किलोबाइटपर्यंतची मेमरी मागितली, तर मेमरी देणारा विभाग सहसा 'नाही' म्हणतच नाही. तो थांबतो, इकडून तिकडून जागा काढतो, वेळ पडली तर एखादा प्रोग्राम मारून टाकतो, पण मागणी पुरी करतो. एक्सएफएस या फाइल सिस्टिमवर, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेवर, काम करणाऱ्यांना हे कळलं तेव्हा धक्काच बसला. नकार आला तर काय करायचं याचा कोड प्रत्येकाने लिहून ठेवलेला, आणि तो नकार कधी येतच नव्हता. त्यातून दुसरं संकट उभं राहत होतं: मेमरी मागणाऱ्याच्या हातात लॉक, ज्याला मारून जागा करायची तो त्याच लॉकसाठी थांबलेला, आणि दोघेही जागच्या जागी.

मग 'ही सवय मोडा, नकार द्यायला लागा' असा विचार पुढे येणारच. पण तसं केलं तर इतकी वर्षं न चाललेल्या हजारो वाटा एका दिवसात वापरात येणार. त्यांतल्या किती धड आहेत हे कुणी सांगावं?

म्हणून या वाटा मुद्दाम चालून पाहण्याची साधनं आहेत. कर्नलमध्ये खोटं अपयश घडवण्याची सोय आहे: तपासणीच्या वेळी अधूनमधून 'मेमरी नाही' असं खोटंच सांगायचं आणि पुढे काय होतं ते बघायचं. गूगलचा सिझबॉट रात्रंदिवस कर्नलवर वेड्यावाकड्या मागण्यांचा मारा करतो, त्यात ही युक्तीही वापरतो. कोड न चालवता वाचून चुका हुडकणारी साधनंही आहेत. त्यांतलं कोक्सिनेल हे फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतल्या जुलिया लॉल यांच्या चमूचं. 'इथे घेतलं, पण या वाटेवर सोडलं नाही' असे नमुने ते लाखो ओळींतून काढून देतं.

त्यात लॉकची भर

आजच्या साध्या फोनमध्येही आठ कोअर, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्र काम करणारे प्रोसेसरचे भाग, असतात. आठ जण एकाच यादीत एकाच वेळी लिहायला लागले, तर यादीचा चिखल होईल. म्हणून लॉक. ज्याच्याकडे लॉक त्यानेच हात लावायचा, बाकीच्यांनी थांबायचं.

लिनक्सने १९९६ साली, २.० या आवृत्तीत, एकापेक्षा जास्त प्रोसेसर चालवायला सुरुवात केली तेव्हा सगळ्या कर्नलला मिळून एकच मोठं लॉक होतं. सोपं होतं, पण एक आत आणि बाकी सगळे रांगेत. ते फोडून छोटी छोटी लॉक करत जाण्याचं काम पंधरा वर्षं चाललं. मे २०११ च्या २.६.३९ आवृत्तीत आर्न्ट बर्गमान यांनी त्या मोठ्या लॉकचा शेवटचा अवशेष काढला. वेग मिळाला, पण एका लॉकच्या जागी असंख्य लॉक आली आणि प्रत्येक ठिकाणी ते घेण्याची नि सोडण्याची जबाबदारी माणसावर आली.

माघारीच्या वाटेवर लॉक सोडायचं राहिलं की काय होतं? लगेच काहीच नाही. ज्याने चूक केली तो आकडा सांगून निघून जातो. मग दुसरा कुणी ते लॉक मागतो आणि थांबतो. तिसरा येतो, थांबतो. १२० सेकंद कुणी असं अडकून राहिलं, की कर्नल नोंदीत तक्रार लिहितो. अडकलेल्या प्रोग्रामला तुम्ही मारायला जाता, तर तो एरवी हमखास लागू पडणाऱ्या किल −९ या बंद पाडण्याच्या आज्ञेलाही दाद देत नाही, कारण तो कर्नलच्या आत झोपलेला आहे आणि त्याला उठवणारा आता कुणीच उरलेला नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याला दिसतं फक्त इतकंच, की डिस्कशी बोलणारं एकेक काम गोठत चाललं आहे. मूळ चूक तासाभरापूर्वी, भलत्याच ठिकाणी झालेली असते.

दुसरा धोका उलटसुलट क्रमाचा. एकाने पहिलं लॉक घेऊन दुसरं मागितलं, दुसऱ्याने दुसरं घेऊन पहिलं मागितलं. दोघेही जन्मभर थांबले. यावर इंगो मोल्नार यांनी २००६ साली आणलेलं लॉकडेप हे साधन फार मोलाचं ठरलं. कोणतं लॉक कोणत्या लॉकनंतर घेतलं गेलं हे ते टिपत जातं आणि प्रत्यक्ष अडकण्याची वाट न पाहता, दोन वेगवेगळ्या वेळी दिसलेल्या क्रमांवरून 'हे कधीतरी अडकेल' असं आधीच सांगतं.

तिसरा प्रकार म्हणजे जिथे आडोसा हवा तिथे तो अपुरा असणं. 'डर्टी काउ' या त्रुटीचा गैरफायदा २००७ च्या २.६.२२ पासूनच्या आवृत्त्यांत घेता येत होता आणि ती ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्त झाली. दोन धागे, म्हणजे प्रोग्रामची एकाच वेळी चालणारी दोन कामं, अगदी नेमक्या क्षणी एकमेकांवर आदळवले, की फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलमध्ये लिहिता येत होतं आणि त्यातून यंत्राचा पूर्ण ताबा मिळवता येत होता. लिनस टोर्वाल्ड्स यांनी दुरुस्तीसोबत लिहिलेल्या टिपणात, हीच त्रुटी आपण अकरा वर्षांपूर्वी एकदा दुरुस्त करायला गेलो होतो आणि ते नीट जमलं नव्हतं, असं सरळ नोंदवलं आहे. कर्नलचा जनकच जिथे चुकतो, तिथे 'प्रोग्रामरने काळजी घ्यावी' हा सल्ला पुरेसा नाही.

घेतानाच परतीची सोय

माणसाने सगळं लक्षात ठेवायचं, हे ओझंच कमी करता येईल का? पहिला प्रयत्न २००७ चा आहे. तेजुन हो यांनी ड्रायव्हरसाठी अशी व्यवस्था आणली, की घेतलेल्या वस्तू त्या उपकरणाच्या नावावर नोंदल्या जातात. उपकरण सुरू होताना फसलं किंवा नंतर काढून घेतलं, तर नावावरच्या सगळ्या वस्तू उलट्या क्रमाने आपोआप परत. हजारो ड्रायव्हर आज हेच वापरतात. पण ते उपकरणाच्या आयुष्याला बांधलेलं आहे. एखाद्या फंक्शनमध्ये दोन क्षणांसाठी घेतलेल्या लॉकला ते कामाचं नाही.

ती उणीव ऑगस्ट २०२३ च्या ६.५ आवृत्तीत भरून निघाली. इंटेलमधले पीटर झेल्स्ट्रा यांनी आवराआवरीचं काम कंपायलरकडे सोपवलं. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेल्या कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम. जीसीसी या कंपायलरमध्ये फार पूर्वीपासून एक सोय होती: एखादं चल, म्हणजे नाव दिलेली जागा, आपल्या हद्दीतून बाहेर पडली की ठरवून दिलेलं काम आपोआप कर. क्लँग या दुसऱ्या कंपायलरलाही ते येतं. सिस्टिमडीसारख्या कर्नलबाहेरच्या प्रकल्पांत ते मुरलेलंही होतं. झेल्स्ट्रांनी त्यावर कर्नलला साजेसं आवरण चढवलं.

वापरायची हत्यारं मुख्यतः दोन. 'गार्ड' हे लॉकसाठी. गार्ड लावून लॉक घेतलं, की त्या फंक्शनमधून कुठूनही बाहेर पडा, लॉक सुटतं. 'फ्री' हे मेमरी आणि तत्सम वस्तूंसाठी. वस्तू घेण्याच्या ओळीतच ती कशी परत करायची ते लिहायचं. पुढे सहा ठिकाणांहून माघार घेतली, तरी सहाही वेळा ती परत जाते. एखादी वस्तू काम यशस्वी झाल्यावर पुढच्याच्या हवाली करायची असेल, तर 'आता ही माझी नाही' असं स्पष्ट सांगायचं. मग कंपायलर तिला हात लावत नाही.

यासाठी एक जुना शिरस्ताही सोडावा लागला. सगळी चलं फंक्शनच्या माथ्यावरच जाहीर करायची, मधेच केली तर कंपायलर इशारा देई. नव्या पद्धतीत वस्तू घेताना तिथल्या तिथे जाहीर करणं गरजेचं आहे, म्हणून तो इशारा बंद केला गेला. बदल दिसायला किरकोळ आहे. पण घेणं आणि परत करणं एकाच ओळीत आल्यामुळे, मध्ये नवी पायरी घालणाऱ्याला बाकीच्या उड्या तपासत बसावं लागत नाही. माझ्या मते खरी कमाई ही आहे. चार ओळी कमी झाल्या ही वरकड.

मग सगळं आपोआपच का करत नाहीत?

पहिली शंका वेगाची, तिचं उत्तर सोपं आहे. परतीच्या ओळी तुम्ही लिहिल्या काय किंवा कंपायलरने घातल्या काय, तयार होणारा यंत्रकोड जवळपास तोच असतो.

दुसरी शंका खरी आहे: डोळ्यांना दिसत नाही ते तपासणार कसं? कर्नलच्या नेटवर्क विभागाचे मेंटेनर, म्हणजे त्या भागाची जबाबदारी सांभाळणारे लोक, याच कारणाने हात राखून आहेत. वीस ओळींपेक्षा मोठ्या फंक्शनमध्ये गार्ड नको, वापरायचाच तर लॉकची हद्द कंसांनी स्पष्ट दाखवणारा प्रकार वापरा, आणि साधं 'घ्या, सोडा' लिहिलेलं आम्हाला अजूनही किंचित जास्त आवडेल, असं त्यांच्या नियमांतच आहे. मला हा आडमुठेपणा वाटत नाही. लॉक किती वेळ हातात राहिलं हे तिथे फार महत्त्वाचं असतं. गार्ड फंक्शन संपेपर्यंत लॉक धरून ठेवतो. काम मधेच संपलं असलं तरी.

तिसरी शंका क्रमाची, आणि इथे जरा थांबायला हवं. आपोआप होणारी आवराआवर ही चलं जाहीर केल्याच्या उलट्या क्रमाने होते. आता हे फंक्शन पाहा. जुन्या सवयीने एकाने वस्तूचं चल माथ्यावरच जाहीर केलं, 'सध्या रिकामं' असं लिहून, आणि त्याला परतीची सूचनाही जोडली. मग गार्ड लावून लॉक घेतलं. मग वस्तू घेतली आणि सामाईक यादीत घातली. पुढची पायरी फसली, माघार सुरू झाली. सगळ्यांत शेवटी जाहीर झालेला गार्ड आधी सुटणार, म्हणजे लॉक आधी उघडणार. त्यानंतर वस्तू यादीतून काढली जाणार, तीही लॉकशिवाय. त्याच क्षणी दुसरा कोअर ती यादी वाचत असेल, तर तो सोडलेल्या मेमरीत शिरला. वाचताना एकही ओळ चुकीची दिसत नाही. लॉक घेतलेलं आहे, वस्तू परत होते आहे. फक्त क्रम उलटा आहे.

हा सापळा इतका सहज लागतो, की कर्नलच्या दस्तऐवजात तो उदाहरणासह मांडला आहे आणि नियम सांगितला आहे: चल जाहीर करणं आणि वस्तू घेणं एकाच ओळीत करा. तिथेच दुसरा नियमही आहे. एका फंक्शनमध्ये गो-टू आणि नवी पद्धत यांची सरमिसळ करू नका. गो-टूने गार्डची ओळ ओलांडून खाली उडी मारली, तर कधी घेतलंच नाही ते सोडण्याचा प्रयत्न होतो. क्लँग अशी उडी अडवतो, जीसीसी ती मुकाट्याने चालवून घेतो. म्हणजे बदलायचं तर अख्खं फंक्शन बदला, नाहीतर हात लावू नका.

'जुना कोड एकदाचा साफ करून टाका'

नव्या उत्साहाने कर्नलकडे आलेल्यांना हे सुचतंच. हजारो फंक्शनमधले गो-टू काढून गार्ड लावण्याचे पॅच, म्हणजे बदलांचे तुकडे, तयार करणं अवघडही नाही.

पण वीस वर्षं चाललेल्या कोडमध्ये प्रत्येक बदल हा नवा धोका आहे, आणि ज्या माघारीच्या वाटा कुणी चालत नाही त्याच आपण बदलत असतो, हे विसरून चालत नाही. त्या जुन्या कार्डाचं यंत्र तपासायला हाताशी असेलच असं नाही. शिवाय कर्नलच्या जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षं सांभाळल्या जातात. नव्या आवृत्तीतली सुरक्षा-दुरुस्ती त्यांत उतरवावी लागते. मधल्या काळात फंक्शनचं रूपच बदललं असेल, तर ती दुरुस्ती तशीच लागू होत नाही, कुणाला तरी हाताने बसवावी लागते, आणि तिथे पुन्हा चूक होते. म्हणून केवळ रूप बदलणारे पॅच बरेच मेंटेनर परत पाठवतात. नवा कोड लिहिताना, किंवा जुन्या फंक्शनमध्ये खरी त्रुटी सापडल्यावर ती दुरुस्त करताना नवी पद्धत आणावी, हेच मला पटतं.

रस्ट आल्यावर हे सगळं निरर्थक नाही का?

डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून कर्नलमध्ये रस्ट भाषेला जागा मिळाली. रस्टमध्ये वस्तू हद्दीबाहेर गेली की परत जाणं हा भाषेचाच स्वभाव आहे. लॉकच्या बाबतीत तर ती आणखी पुढे जाते: माहिती लॉकच्या आतच ठेवलेली असते, त्यामुळे लॉक न घेता तिला हात लावणारा साधा कोड कंपाइलच होत नाही. वर पाहिलेला उलट्या क्रमाचा सापळा तिथे बहुतेक वेळा कंपायलरच पकडेल.

तरी दोन गोष्टी उरतात. दोन लॉक उलटसुलट क्रमाने घेऊन दोघेही अडकणं रस्टही थांबवत नाही. लॉकडेपची गरज तिथेही आहे. आणि सीमधल्या त्या कोट्यवधी ओळी कुठे जाणार नाहीत. तुमच्या-आमच्या फोनमधली बहुतेक यंत्रणा पुढची अनेक वर्षं सीमध्येच राहणार, आणि तिथे गार्ड नि फ्री हीच हाताशी असलेली सुधारणा आहे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपैकी कुणाला यात उतरायचं असेल, तर सुरुवात पॅच लिहिण्यापासून करू नये. लॉकडेप आणि खोटं अपयश घडवण्याची सोय चालू ठेवून कर्नल बांधावा, आभासी यंत्रात चालवावा आणि एखाद्या लहान ड्रायव्हरला मेमरी नाकारून पाहावं. ड्रायव्हर सुरू न होणं हे अपेक्षितच आहे. बघायचं ते पुढचं: तो काढून पुन्हा घालता येतो का, आणि तेवढ्यात नोंदीत एखादी तक्रार उमटते का. उमटली, तर ती कोणत्या ओळीवरून आली ते शोधावं, दुरुस्ती लहान ठेवावी आणि हे अपयश कसं घडवून आणलं ते पॅचसोबत लिहावं. मेंटेनर सगळ्यात आधी तेच विचारतात.